उपनगरांतला दुकानदार आणि त्याची भाडेपावती



वसंतातल्या संध्याकाळी भाडेपावतीसारखा रुक्ष विषय घेऊन आम्ही आपल्यापुढे उभे राहिलो, ह्याचे काहींना नवल वाटेल. पण ह्या सभागृहातून बाहेर पडून स्टेशनाकडे जाताना दोन्ही बाजूंना जे गाळे लागतात, त्यांतल्या निम्म्याअधिक गाळ्यांचे भवितव्य ह्याच रुक्ष विषयावर टांगलेले असते. शिवाय व्याख्यानमाला आणि पावती ह्यांचे नाते आम्ही ओढूनताणून जोडीत नाही. ते १८७५ पासूनचे आहे. त्या साली महादेव गोविंद रानडे ह्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. त्याच साली १२ मे रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात जे प्रसिद्ध आहेत त्यांची ही सुरुवात. त्या जमावाला सावकाराच्या रोकडीपेक्षा त्याचे कागद हवे होते. कर्जरोखे बाहेर काढावयाचे आणि जाळावयाचे, हा त्या दंग्यांचा मुख्य कार्यक्रम होता.

सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यातली बाकीची कलमे सोडून द्या. दोन गोष्टी आमच्या कामाच्या आहेत. एक, शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकापुढे व्हावा. आणि दुसरी, सावकाराने पैसे घेतले की पावती द्यावी, मागितल्यास हिशेब द्यावा. ह्याच कायद्याखालच्या निकालांवर देखरेख ठेवणारे विशेष न्यायाधीश म्हणून पुढे १८८७ पासून रानड्यांनी काम केले. दुबळ्या पक्षाकडे कागद नसतो आणि सबळ पक्षाकडे तो असतो, म्हणून दुबळ्याला कागद मिळवून देणे हे कायद्याचे काम आहे, ही कल्पना आपल्या प्रांतात तेव्हापासून रुजलेली आहे. उपनगरांतल्या दुकानदाराची कथा ही ह्या कल्पनेचीच पुढची कथा होय.

मुंबईच्या बेटाबाहेरचा साष्टीचा हा मुलूख म्हणजे मूळची भातशेती, मिठागरे, ताडामाडांच्या वाड्या आणि कोळ्यांची, आगऱ्यांची, ईस्ट इंडियन ख्रिस्त्यांची गावठाणे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी गेली ती ह्याच मुलखातून. पण वस्ती दाट व्हावयास आणखी पाऊणशे वर्षे जावी लागली. १९२० साली उपनगर जिल्हा निराळा काढण्यात आला. १९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली, आणि मग गिरगावातील खोली सोडून पार्ले-अंधेरीस बिऱ्हाड करणे ही वेडेपणाची गोष्ट राहिली नाही. बिऱ्हाडकरू आले म्हणजे त्यांच्यामागून वाणी येतो, न्हावी येतो, शिंपी येतो, दूधवाला आणि खानावळवाला येतो. स्टेशनच्या तोंडाशी घरमालकाने दोन खोल्यांची भिंत फोडून फळ्यांची दारे बसवली की गाळा तयार. घाटकोपरची खोत गल्ली, बोरिवलीची जांभळी गल्ली, मुलुंडचा पाच रस्ता, अंधेरी स्टेशनाबाहेरचा बाजार ही सारी नावे आज आपण ज्या गजबजाटाशी जोडतो, तो अशाच गाळ्यांनी उभा केला.

गाळा घेताना कागद काय होत असे? बहुधा काहीच नाही. मालकाच्या ओसरीवर बसून बोलणे व्हायचे, एका महिन्याचे भाडे पुढ्यात ठेवायचे, आणि दुसऱ्या महिन्यापासून मालकाचा मेहता छापील पुस्तकातून पावती फाडून द्यायचा. वीस रुपयांवरच्या रकमेला एक आण्याचे तिकीट लागे. लहान गाळ्याचे भाडे वीसच्या आत असल्यामुळे त्या पावतीला तिकीटही नसे. अशा ह्या बोटभर कागदाच्या तुकड्याला पुढे कायद्याने जी किंमत आणून दिली, ती देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या कल्पनेतही नव्हती.

भाडेनियंत्रण हे युद्धाचे अपत्य आहे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी १९१८ साली मुंबईत पहिला भाडेकायदा झाला. दुसऱ्या युद्धाच्या काळात १९३९ व १९४४ चे कायदे झाले. ह्या सर्वांच्या जागी आलेला १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अंमलात आला. तो तात्पुरता म्हणून केला होता. मुदत वाढवीत वाढवीत तो बावन्न वर्षे चालला. आपल्याकडे ‘तात्पुरता’ ह्या शब्दाचा अर्थ कोशकारांनी एकदा तपासून पाहावा.

ह्या कायद्याने काय केले ते दुकानदाराच्या दृष्टीने पाहू. १ सप्टेंबर १९४० रोजी गाळ्याचे जे भाडे होते, तेच त्याचे प्रमाणभाडे ठरले. त्या दिवशी गाळा दिलेला नसेल, तर त्याआधी शेवटचे जे भाडे ते. आणि गाळाच नंतर पहिल्यांदा दिला असेल, तर पहिले जे भाडे ते. भाडे देत राहणाऱ्या व अटी पाळणाऱ्या भाडेकरूला काढता येणार नाही, अशी त्याला हमी मिळाली. भाडे घेतले की मालकाने लेखी पावती दिलीच पाहिजे, न देणे हा गुन्हा, असे सव्विसावे कलम झाले. म्हणजे १८७९ साली सुप्याच्या शेतकऱ्याला जे मिळाले, ते १९४८ साली घाटकोपरच्या वाण्याला मिळाले. आणि दोन मनाया झाल्या: पोटभाडेकरू ठेवू नये, आणि पागडी घेऊ नये.

ह्या दोन मनायांमधूनच पुढचा सगळा इतिहास निघाला. युद्ध संपले, देशाची फाळणी झाली, सिंधमधून निर्वासित आले, त्यांची एक छावणी मुलुंडला पडली. जो तो गाळा शोधू लागला. गाळ्याचे भाडे १९४० च्या पातळीवर गोठलेले आणि गाळ्याची खरी किंमत दर वर्षी वाढणारी, असे झाल्यावर मधला फरक कोणाच्या तरी खिशात जाणारच. तो पागडीच्या रूपाने गेला. जाणाऱ्या भाडेकरूने येणाऱ्याकडून रक्कम घ्यायची, तिचा एक हिस्सा, बहुधा तिसरा, मालकाला द्यायचा, आणि मालकाने नव्या माणसाच्या नावाने पावती फाडायची, असा रिवाज पडला. पागडी बेकायदा म्हणून तिला कागद नाही. आयुष्याची पुंजी ज्या व्यवहारात घातली त्याचा पुरावा शून्य, आणि महिन्याच्या किरकोळ भाड्याचा पुरावा पक्का! कायद्याने पागडी बंद केली नाही, तिची फक्त पावती बंद केली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मालकाची बाजूही येथेच सांगून टाकू, कारण व्यासपीठावर तिच्यासाठी बोलणारा सहसा कोणी नसतो. उपनगरांतले सगळेच मालक काही कोट्यधीश नव्हते. वडिलोपार्जित चार खोल्यांच्या चाळीचे १९४० चे भाडे घेणारी विधवाही मालकच होती, आणि त्या भाड्यात कौले बदलणे तिला शक्य नव्हते. मुंबईच्या बेटावरील जुन्या इमारतींसाठी १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, उपकर घेऊन दुरुस्तीची सोय झाली. उपनगरांना ती मिळाली नाही. अंधेरीची भिंत पडली तर ती मालकाने बांधावी नाहीतर भाडेकरूंनी वर्गणी काढावी. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य ह्यांच्या खटल्यात भाडे असे गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही, असे सांगितले ते उगीच नव्हे.

आता तारखांकडे वळू. पोटभाडेकरू ठेवण्यास मनाई झाली तरी लोक ठेवीतच राहिले. मूळ भाडेकरू गावी जाई, दुकान दुसऱ्याच्या हाती देई. अशा हजारो माणसांना बाहेर काढणे कोणत्याही सरकारला परवडण्याजोगे नव्हते. शेवटी १९५९ साली वटहुकूम निघाला आणि पाठोपाठ कायदा झाला. त्याप्रमाणे २१ मे १९५९ रोजी जे पोटभाडेकरू जागेत होते त्यांना अभय मिळाले, त्यानंतरच्यांना नाही. एक रेघ ओढली गेली. रेघेच्या अलीकडच्याने मनाई मोडली होती आणि पलीकडच्यानेही मोडली होती, पण एक भाडेकरू झाला आणि दुसरा घुसखोर राहिला.

ह्यातून दुकाने देणारे शहाणे झाले. पोटभाडेकरू म्हणून कोणाला घ्यायचेच नाही. ‘लीव्ह अँड लायसन्स’वर घ्यायचे! भाडेपट्टा आणि परवानगी ह्यांत कायद्याने मोठा भेद आहे. भाडेपट्ट्याने जागेत हक्क निर्माण होतो. परवानगीने फक्त जागा वापरण्याची मोकळीक मिळते, मालकी आणि ताबा दोन्ही देणाऱ्याकडेच राहतात. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातली ही परवानगी. पाहुण्याला ओसरीवर बसू देणे आणि ओसरी भाड्याने देणे ह्यांत जो फरक आहे, तोच. करार अकरा महिन्यांचा करायचा. अकराच का, असे आम्हांला पुष्कळ जण विचारतात. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. उद्या कोर्टाने हा करार भाडेपट्टाच आहे असे ठरवले, तरी नोंदणीचा प्रश्न उपस्थित होऊ नये, म्हणून एक महिना मागे थांबायचे. करारात ‘भाडे’ हा शब्द चुकूनही येऊ द्यायचा नाही, ‘भरपाई’ म्हणायचे. पावतीवरही ‘भरपाईपोटी’ असे लिहायचे. दुकानाची एक किल्ली मालकाने आपल्याकडे ठेवायची, निदान ठेवली आहे असे कागदात म्हणायचे.

शब्द बदलले म्हणून व्यवहार बदलतो काय? ह्या प्रश्नाचे प्रसिद्ध उत्तर १९५९ च्या मे महिन्यातच सर्वोच्च न्यायालयाने दिले. दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलात एक केशकर्तनकार वर्षाला ९,६०० रुपये देऊन आपला धंदा करीत होता. त्याच्या कागदात ‘परवाना’ असे लिहिले होते. न्यायालयातील बहुमताने असे ठरवले की कागदाचे नाव काय आहे हे न पाहता व्यवहाराचा गाभा पाहावा. त्या माणसाला जागेचा स्वतंत्र ताबा दिलेला होता, म्हणून तो भाडेपट्टाच. गंमत अशी की इतके जिंकूनही तो गृहस्थ शेवटी हरला, कारण हॉटेलातील खोल्यांना तिथला भाडेकायदा लागूच होत नव्हता. कायद्याच्या दरबारात मुद्दा जिंकणे आणि दावा जिंकणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

हा निकाल तत्त्व म्हणून उत्तम; पण जांभळी गल्लीतल्या शिंप्याला ते तत्त्व घेऊन किती वर्षे कोर्टाची पायरी चढता येणार? १९६० ते १९७२ ही उपनगरांच्या वाढीची वर्षे. बोरिवली आणि मुलुंड १९५७ च्या फेब्रुवारीत महापालिकेत आली होती. अंधेरी, घाटकोपर त्याआधीच, १९५० साली. ह्या वर्षांत जी नवी दुकाने निघाली त्यांतली पुष्कळशी अकरा महिन्यांच्या कागदावर होती. अकरा महिने संपत आले की मालक भरपाई वाढवून मागे. देशी धान्याचा वाणी, मालवणी खानावळवाला, सिंधी कापडवाला, दक्षिणेकडून येऊन इडली-डोशाचे हॉटेल काढणारा, सगळे एकाच भीतीत. गिऱ्हाईक आपण जमवायचे, जागेला नाव आपण आणायचे, आणि जागेला नाव आले म्हणून आपल्यालाच बाहेर जावे लागायचे.

१९७३ साली विधिमंडळाने भाडेकायद्यात दुरुस्ती केली, आणि १ फेब्रुवारी १९७३ ही तारीख मुंबईच्या दुकानदारीच्या इतिहासात कायमची बसली. त्या दिवशी जो कोणी चालू कराराखाली परवानाधारक म्हणून जागेत होता, तो कायद्याने भाडेकरू ठरला. एका रात्रीत पाहुण्याचे कूळ झाले. पुढे १९८७ साली पोटभाडेकरूंचीही रेघ २१ मे १९५९ वरून पुढे ओढून १ फेब्रुवारी १९७३ वर आणली गेली.

पण कलमाचे शब्द बारकाईने पाहिले पाहिजेत, कारण माणसे तरली आणि बुडाली ती त्या शब्दांवर. पहिला शब्द ‘चालू करार’. समजा, एकाचा अकरा महिन्यांचा कागद ३१ डिसेंबर १९७२ रोजी संपला. मालक म्हणाला, पुढच्या महिन्यात नवा करू, तुम्ही बसा. तो बसला. १ फेब्रुवारीला तो दुकानात होता, दिवा त्याने लावला, गिऱ्हाईक त्याने केले. पण करार चालू नव्हता. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले की ज्याची परवानगी आधीच संपली व पुन्हा दिली गेली नाही, त्याला ह्या कलमाचा लाभ नाही. शेजारच्या गाळ्यात ज्याचा कागद मार्चपर्यंत होता, तो मात्र पिढ्यान्पिढ्यांचा भाडेकरू झाला. दोघांच्या कष्टांत, प्रामाणिकपणात तिळमात्र अंतर नाही. अंतर दोन महिन्यांच्या कागदाचे.

दुसरा शब्द ‘खोली’. संरक्षण मिळावयाचे ते निदान एका खोलीइतकी जागा असेल तरच. आता उपनगरातला धंदा कसा चालतो ते आपण रोज पाहतो. कापडाच्या दुकानाच्या कोपऱ्यात काचेची पेटी घेऊन घड्याळजी बसतो, दुकानाच्या ओटल्यावर पानवाला असतो, जिन्याखाली किल्लीवाला. ही माणसे वीस वीस वर्षे एका जागी बसलेली, पण त्यांची जागा खोली नव्हे. ज्याला सर्वांत अधिक गरज होती तोच कलमाबाहेर राहिला. कायदा करणाऱ्यांना कुठेतरी थांबणे भाग असते हे आम्ही जाणतो; तथापि ह्या एका शब्दाने झालेला अन्याय आम्हांला नेहमीच बोचत आला आहे.

तिसरा मुद्दा सर्वांत अवघड. दुसऱ्याचा चालू धंदा चालवणारा माणूस परवानाधारक नव्हे, असे कायद्याने म्हटले. व्यवहारात ह्याला ‘दुकान कंडक्टिंगवर देणे’ म्हणतात. मूळ दुकानदार म्हातारा झाला, मुलगा नोकरीला लागला, म्हणून त्याने पाटी, फर्निचर, गिऱ्हाईक सगळे तसेच ठेवून दुकान दुसऱ्याला चालवायला दिले आणि महिन्याला ठरावीक रक्कम घेतली, तर तो धंदा मूळ माणसाचाच. चालवणारा केवळ कारभारी. ही वाजवी गोष्ट आहे. पण रिकामा गाळा देऊन कागदावर ‘चालू धंदा’ लिहिणारेही निघाले. मग वर्षानुवर्षे एकच वाद: त्या दिवशी धंदा कोणाचा होता?

आणि येथे दुकानदाराच्या ट्रंकेतले बाकीचे कागद कामाला आले. वीजबिल कोणाच्या नावाचे? विक्रीकराची नोंद कोणाची? महापालिकेचा १८८८ च्या कायद्याखालचा परवाना कोणी काढला? आणि सर्वांत आधी, गुमास्ता कोणाच्या नावाने?

ह्या गुमास्त्याची गोष्ट थोडी सांगितली पाहिजे. गुमास्ता म्हणजे दुकानातला कारकून, नोकर. त्याला सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत राबवू नये म्हणून १९३९ साली मुंबई प्रांताने दुकाने व संस्था ह्यांचा कायदा केला. हिंदुस्थानात अशा प्रकारचा हा पहिलाच. त्याच्या जागी १९४८ चा कायदा आला. दुकान रात्री साडेआठला बंद व्हावे, आठवड्यातून एक दिवस सुट्टी असावी, नोकराचे काम दिवसाला नऊ तासांहून अधिक नसावे, आणि प्रत्येक दुकानाची नोंद व्हावी, असे त्याने ठरवले. पानपट्टीवाल्यांना वेळेची सवलत होती, हे रात्री जेवून बाहेर पडणाऱ्यांना सांगावयास नकोच. नोकराच्या हितासाठी झालेल्या ह्या नोंदीच्या दाखल्याला लोकांनी ‘गुमास्ता लायसन’ म्हणावयास सुरुवात केली, आणि मालकाने ते चौकट करून गल्ल्यामागे देवांच्या तसबिरींशेजारी लावले. नोकराचा कागद मालकाचा कागद होऊन बसला.

पुष्कळ दुकानदारांची अशी ठाम समजूत असते की गुमास्ता आहे म्हणजे जागा आपली. हे सर्वस्वी चूक आहे. गुमास्त्याने जागेत कसलाही हक्क येत नाही. तो फक्त एवढेच दाखवतो की ह्या पत्त्यावर, ह्या नावाने, ह्या माणसाने धंदा केला. पण १ फेब्रुवारी १९७३ च्या वादात नेमके एवढेच दाखवावयाचे होते! ज्याने मूळ मालकाच्या नावचा गुमास्ता तसाच चालू ठेवला, कटकट नको म्हणून, त्याने आपल्या हाताने आपल्याविरुद्ध पुरावा तयार करून ठेवला. २०१७ च्या नव्या कायद्याने, जो त्याच वर्षी १९ डिसेंबरपासून लागू झाला, दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीऐवजी नुसती सूचना देणे पुरेसे केले. तिची पोच मिळते. म्हणजे शेवटी पुन्हा पावतीच.

भागीदारीचा रस्ताही अनेकांनी वापरला. पोटभाडेकरू ठेवता येत नाही ना, मग त्याला भागीदार करून घ्यावे. कोर्टांनी इथेही गाभाच पाहिला: मूळ भाडेकरूचा दुकानावर ताबा व देखरेख राहिली असेल तर ती भागीदारी, त्याने नुसती ठरावीक रक्कम घेतली आणि दुकानाकडे फिरकलाच नाही, तर तो पोटभाडेकरू. खरी भागीदारी करणाऱ्यांनीही १९३२ च्या कायद्याचे एकोणसत्तरावे कलम लक्षात ठेवलेले बरे. नोंद न केलेली पेढी भागीदारीच्या धंद्यातील येणे वसूल करण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावू शकत नाही. भागीदारही एकमेकांवर कराराच्या हक्कासाठी सहसा लावू शकत नाहीत. दोन सख्खे भाऊ दुकान काढतात, नोंद कशाला म्हणतात, आणि भावाभावांत वाद झाला किंवा उधारी थकली म्हणजे वकिलाकडून हे कलम ऐकतात.

उधारीवरून वहीची आठवण झाली. दिवाळीत पूजा करून घातलेली नवी चोपडी दुकानदाराला वेदवाक्याप्रमाणे वाटते. १८७२ च्या साक्षीच्या कायद्याने मात्र एवढेच म्हटले होते की नियमितपणे लिहिलेल्या वहीतली नोंद पुराव्यात घेता येईल, पण केवळ तेवढ्यावर कोणावर देणे लादता येणार नाही. २०२३ च्या नव्या अधिनियमातही तेच कायम आहे. उधारीचा दावा सामान्यतः तीन वर्षांत लावावा लागतो, आणि ती वर्षे संपण्यापूर्वी गिऱ्हाइकाने देणे कबूल असल्याची लेखी सही दिली, तर तिथून मुदत नव्याने चालते. संकोचापायी सही न मागणारे किती वाणी कोरडे राहिले असतील त्याची मोजदाद नाही.

असो, पुन्हा गाळ्याकडे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ अंमलात आला. भाडे वर्षाला चार टक्के वाढवता येऊ लागले. ज्या कंपन्यांचे भरणा झालेले भांडवल एक कोटी किंवा अधिक आहे त्यांना संरक्षणातून वगळले, म्हणजे लहान दुकानदार आत राहिला. आणि बावन्न वर्षांच्या लपंडावानंतर पागडीला कायद्याने मोकळीक मिळाली: भाडेकरूला भाडेहक्क सोडण्या-देण्याबद्दल आणि मालकाला त्यास संमती देण्याबद्दल रक्कम घेता येऊ लागली. पंचावन्नाव्या कलमाने तर मोठी गोष्ट केली. भाडेकरार असो की लीव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदलेला हवा. आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. मालकाने ती टाळली, तर अटी काय ठरल्या होत्या ह्याबद्दल भाडेकरूचे म्हणणे खरे धरावयाचे, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. अकरा महिन्यांची पळवाट इथे बुजली. तरीही अकरा महिन्यांचेच करार होत राहिले. सवय कायद्याहून चिवट असते.

ह्या नव्या करारांना मात्र १९७३ सारखी मेहेरबानी मिळालेली नाही. मुदत संपली की जागा सोडावयाची, हे स्पष्ट आहे. फेरीवाल्यांच्या आणि झोपडपट्टीतील कारखानदारांच्या बाबतीत तारखांची रीत चालू राहिली. झोपडपट्टी योजनेत १ जानेवारी २००० पूर्वीचे बांधकाम दाखवता आले तर धंद्याच्या जागेबद्दल २२५ चौरस फुटांपर्यंत पर्यायी जागेचा हक्क मिळतो, आणि ते दाखवण्यासाठी पुन्हा वीजबिल, पुन्हा गुमास्ता. पण पक्क्या बाजारातल्या गाळ्यासाठी १ फेब्रुवारी १९७३ नंतर नवी रेघ ओढली गेलेली नाही.

आज उपनगरांत जुन्या इमारती भराभर पाडल्या जात आहेत. इमारत धोकादायक ठरली, महापालिकेची नोटीस आली, गाळा रिकामा झाला, आणि चार दिवसांत तिथे मातीचा ढीग. पूर्वी लोकांना वाटे, इमारतच गेली तर भाडेहक्क कसला राहणार? २०१४ साली महाराष्ट्रातीलच एका जुन्या इमारतीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इमारत पाडली गेल्याने भाडेपट्टा नष्ट होत नाही. हे लहान दुकानदाराच्या दृष्टीने फार मोठे अभय आहे. परंतु नव्या इमारतीत गाळा मिळवताना तो पूर्वी भाडेकरू होता, किती जागेत होता, हे त्यालाच दाखवावे लागते. मालकाने पावती देणे बंद केले असेल, तर मनीऑर्डरने भाडे पाठवणारे आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलेले कागद जपून ठेवणारे जुने दुकानदार किती दूरदर्शी होते, ते अशा वेळी कळते.

आणि पावतीवरचे नाव? पुष्कळ गाळ्यांच्या पावत्या आजोबांच्या नावाने चालत आल्या आहेत. भाडेकरू वारला, तर धंद्याच्या जागेत हक्क कोणाकडे जातो? मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर त्या जागेत धंदा करीत असलेल्या कुटुंबातील माणसाकडे. तसे कोणी नसेल तर वारसाकडे, आणि वारसांचे जुळले नाही तर कोर्ट ठरवील त्याच्याकडे. थोरला मुलगा परगावी नोकरीला, आणि धाकटा रोज बापाशेजारी गल्ल्यावर, असे असेल तर कायदा धाकट्याकडे पाहतो. अशा दाव्यांत वांद्र्याच्या लघुवाद न्यायालयात धाकटा जे गाठोडे सोडतो त्यात घाऊक व्यापाऱ्याची बिले असतात, त्याच्या अक्षरातली चोपडी असते, त्याच्या सहीने घेतलेली मालाची पोच असते, आणि तळाशी आजोबांच्या नावच्या पिवळ्या पडलेल्या पावत्या असतात.